फाइलचं नाव इंग्रजीत ठेवा

"सर, नाव इंग्लिशमध्ये टाका, काही अडचण येणार नाही." कार्यालयात सामायिक सर्व्हर बसवायला येणारा प्रत्येक तंत्रज्ञ हे सांगतो. या सल्ल्याबद्दल माझी तक्रार आहे. ती किरकोळ समजली जाते, म्हणून तपशिलातच मांडतो.

एक नाव घ्या: 'छत्रपती संभाजीनगर जिल्हा अतिवृष्टी बाधित शेतकऱ्यांची मंडळनिहाय यादी सुधारित अंतिम सप्टेंबर २०२५'. हे उगाच लांबवलेले नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, म्हणून 'मंडळनिहाय' हवे. यादी एका बैठकीत पक्की होत नाही, म्हणून 'सुधारित' हवे. महिना आणि वर्ष नसेल तर मराठवाड्यात ही कोणत्या पावसाची यादी, हे पुढच्या साली कोणी सांगू शकणार नाही.

शेवटचे टिंब आणि एक्सेलची चार रोमन अक्षरे धरून या नावात बरोबर १०० चिन्हे आहेत. विंडोजच्या डिस्कवर एका नावाला २५५ चिन्हांची मुभा असते, त्यामुळे ते सुखाने बसते. सामायिक सर्व्हर मात्र बहुधा लिनक्सवर चालतो. मर्यादेचा आकडा तिथेही २५५ च आहे, पण तो बाइटचा. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साध्या रोमन अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, प्रत्येकाचे वेगळे ३. 'औरंगाबाद' २४ बाइटचे होते, 'छत्रपती संभाजीनगर' ४९ चे आहे. आपल्या यादीचे नाव भरते २६८ बाइट. एक्सेलचे शेपूट धरून 'सप्टेंबर'पर्यंत २५५ पूर्ण होतात आणि वर्ष लिहायला जागाच उरत नाही. रोमन लिपीला २५५ अक्षरे आणि आपल्याला ८५ चिन्हे, असा हा हिशेब आहे. काही सर्व्हरवर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरची मर्यादा १४३ बाइट असते. तिथे आपल्या वाट्याला ४७ येतात. नाव फार लांब आहे एवढाच संदेश पडद्यावर येतो. ज्याने शंभर चिन्हे लिहिली त्याला यातून काय कळावे?

लांबीवर निदान उपाय आहे, नाव आखडते घेता येते. 'शेतकऱ्यांची' या शब्दातल्या ऱ्यावर तोही नाही. हा अर्धा र संगणकात तीन प्रकारे लिहिला जातो. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ साठी स्वतंत्र कळ आहे, तो एकसंध ऱ ही पहिली तऱ्हा. साधा र आणि त्याखाली नुक्ता ही दुसरी. मॅकची जुनी फाइल व्यवस्था नावातली अक्षरे स्वतःहून सुटी करून ठेवत असे आणि त्यात एकसंध ऱ चे असे दोन तुकडे होत. तिसरी तऱ्हा म्हणजे र, हलन्त आणि मागे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. युनिकोडच्या नियमाने पहिल्या दोन एकच मानायच्या, तिसरी नाही. लिनक्सचा सर्व्हर सहसा यातले काहीच मानत नाही. तो फक्त बाइट जुळतात का ते बघतो. म्हणून एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या तीन याद्या शांतपणे नांदतात. एकीत दुरुस्ती होते, दुसरी जुनीच राहते, शोध घेतला तर तिसरी सापडते. यातली चुकीची यादी पुढे गेली तर एखाद्या शेतकऱ्याचे नाव गळेल, आणि कोणाचा हात चुकला हे कधीच कळणार नाही. मला हे किरकोळ वाटत नाही.

या हेळसांडीला इतिहास आहे. देवनागरीसाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये तयार होते, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच वर्षी देवनागरी होती. तरीही युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमसाठी विंडोजने फ्रेंचला कोडपेज (अक्षरसंकेतांचा तक्ता) दिले, थाईला दिले, हिंदी-मराठीला दिलेच नाही. अशा प्रोग्रॅमपुढे मराठी नाव आले की प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. आणि विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्हाला मनाई आहे! फाइल समोर दिसते, पण त्या प्रोग्रॅममधून उघडत नाही, पुसताही येत नाही. जाळ्यावरून फाइल देणाऱ्या एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत नाव कोणत्या संकेतात असावे यावर बंधनच नव्हते. चौथीने यूटीएफ-८ सांगितले, पण पुष्कळ सर्व्हर तरीही मिळतील ते बाइट जसेच्या तसे ठेवत राहिले. निकामी नाव आत शिरते तेव्हा कोणी अडवत नाही. बोंब होते ती दोन वर्षांनी, बॅकअप परत आणताना.

इंग्रजी नावाने हे सगळे टळते, खरे आहे. मग 'लिस्ट फायनल न्यू टू' अशी नावे पडतात आणि गंगापूर तालुक्याची यादी कोणती, कन्नडची कोणती, हे एकेक फाइल उघडून पाहावे लागते. राज्यकारभार मराठीत चालावा असा १९६४ चा कायदा आहे. कागदाच्या फायलीच्या पुठ्ठ्यावर आपण विषय मराठीत लिहितो, त्यासाठी आजवर कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की सर्व्हरचे बिल मंजूर होण्याआधी चाचणी घ्यावी. वरचे शंभर चिन्हांचे नाव द्यावे आणि सर्व्हर काय म्हणतो ते लिहून ठेवावे, म्हणजे मर्यादा सगळ्यांना आधी कळेल. 'शेतकऱ्यांची' तिन्ही तऱ्हांनी लिहून किती फाइली होतात ते पाहावे. तीच फाइल विंडोज, मॅक आणि लिनक्सवर उघडून, परत ठेवून नाव ताडून बघावे. सर्व्हरवर झेडएफएस ही फाइल व्यवस्था असेल तर चुकीच्या संकेतातली नावे दारातच नाकारण्याची आणि ऱ च्या पहिल्या दोन तऱ्हा एक धरण्याची सोय तिच्यात आहे. मात्र ही निवड साठा तयार करतानाच करावी लागते, नंतर बदलता येत नाही. तंत्रज्ञ समोर बसलेला असतो तेव्हाच त्याला हे विचारायचे.