भारतीय प्रमाणवेळेस, अंदमानातून

प्रति,
मा. भारतीय प्रमाणवेळ,
मु. मिर्झापूरजवळ, साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांश.

विषय : संध्याकाळ न मिळाल्याबाबत.

महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या कृपेने देशातली सगळी घड्याळे एकच वेळ दाखवतात, याबद्दल प्रथम अभिनंदन. आपण १९०६ साली कारभार हाती घेतला. त्याच साली इथले सेल्युलर जेल बांधून पूर्ण झाले. जेलच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. आपला मात्र एक चिराही ढळलेला नाही.

पत्रास कारण की, आम्हा पोर्ट ब्लेअरकरांना संध्याकाळी फिरायला जायचे आहे. मागणी फार मोठी नाही. अबर्डीन बाजारातल्या घंटाघरापासून निघावे, मरीना पार्कच्या कठड्याने समुद्र बघत चालावे, अंगात उत्साह असेल तर रिक्षा करून कॉर्बिन्स कोव्ह गाठावे आणि लाटेत पाय भिजवावेत. एवढेच. पण डिसेंबरात सूर्य पाचच्या आतबाहेर मावळतो आणि आमचे ऑफिस सुटते पाचला. घरी पोचून चहा घेऊन चपला घालेपर्यंत घंटाघराचे काटे दिसायलाही दिवा लागतो.

हिशेब आपल्याला ठाऊकच असेल. सूर्य दर अंशामागे चार मिनिटे घेतो. आम्ही राहतो जवळजवळ ९३ अंशांवर, म्हणजे तो आमच्याकडे आपल्यापेक्षा चाळीसएक मिनिटे आधी येतो आणि तेवढाच आधी निघून जातो. त्यात आम्ही विषुववृत्ताच्या बाजूला सरकलेले. इथे सूर्य तिरका रेंगाळत नाही, सरळ खाली उतरतो. सांजवेळ वीस-बावीस मिनिटांत आटोपते. जूनमध्ये मुंबईचे लोक सव्वासातला मरीन ड्राइव्हवर सूर्यास्ताचे फोटो काढत असतात, तेव्हा आमची जेवणे चाललेली असतात.

या वीस-बावीस मिनिटांत कॉर्बिन्स कोव्हवर काय घडते, ते एकदा येऊन पाहावे. शहाळेवाला घाईघाईने कोयता धुतो, पोत्यात गुंडाळतो आणि उरलेली शहाळी ताडपत्रीखाली ढकलतो. माडांची रांग काळी पडते. रस्त्याकडेचे जपानी बंकर, जे दिवसाही फारसे प्रसन्न नसतात, ते एकदम १९४२ सालात जातात. आणि नेमके तेव्हाच दादर-ठाण्याची मंडळी वामकुक्षी आटोपून, टोपी-गॉगलसह बसमधून उतरतात आणि विचारतात, "काका, सूर्य कुठे बुडतो?" किनारा पूर्वेचा आहे, सूर्य समुद्रात बुडतच नाही, तो मागच्या टेकडीआड कधीच गेला, हे त्यांना सांगायचे कोणी? समुद्रातला सूर्यास्त बघायला चिडिया टापूला जावे लागते, आणि तेही दुपारच्या झोपेवर पाणी सोडून.

आपण म्हणाल, संध्याकाळ नाही तर पहाट घ्या. घेतली असती. इथे जूनमध्ये पाचच्या सुमारास लख्ख उजाडलेले असते. तो उजेड आम्ही झोपेत घालवतो आणि संध्याकाळी तोच विकत घेतो. या बेटांवरची बरीचशी वीज डिझेल जाळून होते, आणि ते डिझेल जहाजाने समुद्र ओलांडून येते. सूर्य फुकट देत होता ते नाकारून आपण जहाजभाडे भरायला लावता, या अर्थशास्त्राला आमचा दंडवत.

आपली वेळ ज्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळली जाते, तिथल्याच शास्त्रज्ञांनी २०१८ साली सुचवले होते की ईशान्येकडची राज्ये आणि अंदमान-निकोबार यांना एक तास पुढची वेगळी वेळ द्यावी. प्रस्ताव मान्य झाला नाही. दोन वेळा झाल्या तर सीमेवर रेल्वेचा घोळ होईल, ही एक धास्ती नेहमी सांगितली जाते. महोदया, अंदमानात रेल्वेच नाही. रूळ टाकल्याशिवाय आमच्या दोन गाड्या समोरासमोर यायच्या कशा?

आसामच्या चहामळ्यांत 'बागान टाइम' म्हणून एक तास पुढचे घड्याळ चालते. तिथे चहाची पाने काही आपला आदेश वाचत नाहीत. उत्तर अंदमानच्या पलीकडेच म्यानमारची कोको बेटे आहेत. तिथे तोच सूर्य, तेच पाणी, आणि घड्याळ एक तास पुढे. मुंबईचे तर काय सांगावे! आपण आल्यावरही तिने ३९ मिनिटे मागची स्वतःची 'बॉम्बे टाइम' कित्येक दशके सोडली नव्हती. मुंबईचा हट्ट पुरवला गेला. आमचा हट्ट समुद्रापलीकडून ऐकू येत नसावा.

बदल करणे अवघड असते, असेही नाही. २०१८ साली रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले, २०२४ साली पोर्ट ब्लेअरचे श्रीविजयपुरम झाले. पाट्या, शिक्के, नकाशे सगळे बदलले. घड्याळाचा काटा सरकवायला पाटी रंगवावी लागत नाही.

तरी आपला मान राखून एवढीच विनंती : आपण जागच्या हलू नका, पण इथली ऑफिसे आणि शाळा तासभर आधी उघडून तासभर आधी सोडण्याचा हुकूम तरी निघू द्या. आम्ही चालून येऊ, आपल्याला पुन्हा त्रास देणार नाही.

उत्तर कृपया पाचच्या आत पाठवावे. त्यानंतर इथे वाचायला उजेड नसतो.

आपला,
पाचलाच अंधारलेला एक मराठी बेटकरी