मंडळीच्या नव्या पुढाऱ्यासाठी वाचन-मार्गदर्शिका

अभिनंदन! तुमची कमिटीवर निवड झाली आहे. पिंपळे गुरवमध्ये दुकानांच्या वरच्या भाड्याच्या हॉलात भरणारी मंडळी असो की शंभर वर्षांचं दगडी चर्च, निवडीची पद्धत साधारण एकच असते: जो बैठकीला आला नाही त्याचं नाव सुचवतात आणि सगळे हात वर करतात. आता तुम्ही पुढारी आहात आणि पुढाऱ्याने वाचलं पाहिजे असं पास्टरांनी सांगितलं आहे. घाबरू नका. खालच्या पायऱ्या क्रमाने करा.

लागणारं साहित्य: एक जाड इंग्रजी पुस्तक, एक पिवळं हायलायटर, पवित्र शास्त्र, आणि शनिवारची थर्ड शिफ्ट करून चाकणहून परतल्यावर अंगात उरेल तेवढी जाग.

पायरी 1 : नावात आकडा असलेलं पुस्तक घ्या

जॉन मॅक्सवेल यांचं 1998 सालचं 'द ट्वेंटी-वन इर्रेफ्युटेबल लॉज ऑफ लीडरशिप' नवशिक्यांना सोयीचं. चौथ्या नियमावर डुलकी लागली तरी सतरा उरलेत हे लगेच कळतं. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये हे नाव तुमच्या कानावरून गेलं असेल. मॅक्सवेल मुळात पास्टर. पुढे त्यांचे नियम कंपन्यांनी उचलले. उलट 'सर्व्हंट लीडरशिप' ही आपल्या प्रत्येक शिबिरात ऐकू येणारी कल्पना रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी 1970 मध्ये मांडली आणि त्यांचं नोकरीतलं आयुष्य गेलं एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीत. म्हणजे पास्टरचं पुस्तक कंपनीत वाचतात आणि कंपनीवाल्याचं मंडळीत. कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणारा गुरू योहानाच्या तेराव्या अध्यायात होताच, पण तो आमच्याकडे टेलिफोन कंपनीमार्गे परत आला. बैठकीत हे बोलू नका. तुम्ही नवीन आहात.

पायरी 2 : हायलायटर चालवा

यासाठी जे. ओसवाल्ड सँडर्स यांचं 'स्पिरिच्युअल लीडरशिप' (1967) घ्या. सँडर्स न्यूझीलंडचे, शिक्षणाने वकील, पुढे ज्या संस्थेचे प्रमुख झाले ती पूर्वीची चायना इनलँड मिशन. वकिलाची सवय गेली नसावी, कारण पुस्तकात ते वाचकाची उलटतपासणी घेतात. मनाविरुद्ध घडलं की तुमचा तोल जातो का, अशा धाटणीचे प्रश्न एकामागून एक येतात. नवशिक्याने प्रत्येक प्रश्नापुढे समासात दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहावं. खजिनदाराचं दोनदा लिहिलं तरी चालेल. मात्र मग ते पुस्तक खजिनदाराला वाचायला देऊ नये.

पायरी 3 : नहेम्या वाचा, पण पाचवा अध्याय गाळा

पुढारीपणाच्या प्रत्येक सेमिनारमध्ये नहेम्या असतोच. यरुशलेमची तटबंदी 52 दिवसांत पुरी केली, हा आकडा प्रोजेक्टरवर मोठ्या अक्षरांत झळकतो. आपल्या भागातल्या रस्त्याच्या कामाशी तुलना करू नका, मन उदास होतं. पाचव्या अध्यायात तटाचं काम बाजूला राहतं. गरिबांनी पोटासाठी शेतं गहाण टाकलेली, आपलेच भाऊबंद व्याज घेताहेत, आणि नहेम्या त्यांना भर सभेत खडसावतो. स्वतः मात्र सुभेदाराचा भत्ता बारा वर्षं घेत नाही. हा अध्याय वार्षिक हिशोबाच्या बैठकीआधी चुकूनही वाचू नये. नंतर झोप लागत नाही.

पायरी 4 : सासऱ्याचा सल्ला टाळा

निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करत बसलेला दिसतो. सासरा इथ्रो येतो, ते पाहतो आणि सांगतो की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील; हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम आणि कामं वाटून दे. मॅनेजमेंटवाल्यांना हा अध्याय फार आवडतो. त्यांच्या तक्त्यात एक गोष्ट सहसा येत नाही. इथ्रो सल्ला देण्यासाठी निघाला नव्हता. तो मोशेची बायको आणि दोन मुलं त्याच्याकडे पोचवायला आला होता. पुढारी कामात बुडाला होता आणि त्याचं घर सासऱ्याकडे होतं.

यावर नवशिक्यासाठी उपाय सोपा आहे. हॉलची किल्ली, माईकचा सेट, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिनशिप आणि नाताळच्या कार्यक्रमाची यादी स्वतःकडेच ठेवा. मग 'मलाच सगळं करावं लागतं' हे वाक्य कधीही वापरता येतं.

पायरी 5 : घरभेटींवरचं पुस्तक घरीच वाचा

इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर या विणकरांच्या गावात रिचर्ड बॅक्स्टर पाळक होते. आजारपणामुळे त्यांना पाळकांच्या एका सभेला जाता आलं नाही, म्हणून तिथे बोलायचं ते लिहून काढलं आणि 1656 मध्ये 'द रिफॉर्म्ड पास्टर' हे पुस्तक झालं. आपल्याकडे सभा चुकवणारा सेक्रेटरी होतो, त्यांच्याकडे लेखक झाला. बॅक्स्टर यांचं म्हणणं असं की पुलपिटवरून बोलणं पुरत नाही. प्रत्येक कुटुंबाशी वेगळं बसून बोलावं लागतं. काटेपुरम चौकाजवळच्या सोसायटीत हे करून पाहा. वॉचमनच्या वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि 'काम काय' हे लिहावं लागतं. वर गेल्यावर कळतं की घरचा माणूस सेकंड शिफ्टला गेला आहे आणि त्याची नोकरी सुटणार असल्याचं मंडळीत कुणालाच ठाऊक नाही. 'घरभेट : 1' अशी नोंद अहवालात करून मोकळे व्हा.

पायरी 6 : मराठी पुस्तकं सगळ्यात शेवटी ठेवा

त्यांत नियम नाहीत, तक्ते नाहीत, प्रकरणाअखेर सरावाचे प्रश्न नाहीत. शिवाय माणसं ओळखीची निघतात, हा मोठाच धोका.

पंडिता रमाबाईंचं चरित्र घ्या. पुणे-दौंड मार्गावर केडगाव लागतं. दुष्काळात सापडलेल्या मुलींना त्यांनी तिथे आणलं, शिकवलं, कामं शिकवली. संस्कृतची पंडिता असून बायबलचं भाषांतर साध्या बाईला कळेल अशा मराठीत केलं, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि छपाई केडगावच्या त्यांच्या संस्थेच्या, मुक्ती मिशनच्या, छापखान्यात तिथल्याच बायकांनी केली. रमाबाई 1922 मध्ये गेल्या. बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. त्या नसताना काम पुरं झालं, कारण ते आधीच अनेक हातांत गेलं होतं.

आणि लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. रेव्हरंड ना. वा. टिळक मोठे कवी आणि मोठे पुढारी, यात वाद नाही. पण खिशातलं वाटून टाकणारा, न सांगता घराबाहेर पडणारा मोठा माणूस घरातून कसा दिसतो, हे त्यांच्या बायकोने लिहिलं; शाळेत न गेलेल्या बायकोने, हसत हसत आणि काही न लपवता. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा संसार दुभंगला आणि पुन्हा एकत्र यायला काही वर्षं गेली. पुढे टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, तेव्हा त्यातलं बहुतेक काव्य याच बाईंनी रचलं आणि शेवट मुलगा देवदत्त यांनी केला.

नेहमीच्या शंका

*वाचायला वेळ कुठून आणू?* कंपनीच्या बसमधून. नाशिक फाटा, भोसरी करत मोशीच्या कोंडीत शिरलात की एक प्रकरण निवांत होतं.

*पास्टरांना पुस्तक भेट दिलं तर चालेल?* चालेल, पण मुखपृष्ठावरचं नाव आधी नीट वाचा. ते सूचना समजतील.

*सगळी पुस्तकं वाचली. मी पुढारी झालो का?* ते तुम्ही ठरवायचं नसतं. पुढारीपणाची बहुतेक पुस्तकं पुढाऱ्यांनी लिहिली आहेत आणि त्यांत पुढारी बरा दिसतो. त्याला सोसणाऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं थोडी आहेत, आणि शिकण्यासारखं त्यांतच जास्त आहे. म्हणून सँडर्सचे प्रश्न कोऱ्या कागदावर उतरवा आणि बायकोकडे, मुलांकडे आणि खजिनदाराकडे भरायला द्या. 'स्मृतिचित्रे' आजच वाचायला घ्या. एकवीस नियम कपाटात थांबतील. त्यांना सवय आहे.