झाकली मूठ : शर्यतीत न उतरण्याचे पाच धडे

महागड्या स्पोर्ट्स कारचा कारखाना काढलात? अभिनंदन! आता जो तो विचारणार, 'फॉर्म्युला वनमध्ये कधी?' गांगरू नका. इटलीतल्या सांतआगाता बोलोन्येझे गावच्या लॅम्बोर्गिनीचा कित्ता गिरवा.

धडा १. आधी ट्रॅक्टर विका. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी ट्रॅक्टरवर श्रीमंत झाले आणि १९६३ मध्ये मोटारींकडे वळले. शेजारचे एन्झो फेरारी शर्यतीचा खर्च निघावा म्हणून मोटारी विकत. तुम्ही नफ्यासाठी विका. शर्यतीचं नाव काढू नका.

धडा २. इंजिनिअर मात्र शर्यतवेडे नेमा. दाल्लारा, स्तान्झानी आणि टेस्ट ड्रायव्हर वॉलेस यांना ट्रॅकवर जायचं होतं. मालक नाही म्हणाले. मग ती सगळी खुमखुमी १९६६च्या मिउरा या मोटारीत उतरली. बारा सिलिंडरांचं इंजिन थेट सीटमागे, तेही आडवं. चालवणाऱ्याच्या कानाशीच कार्ब्युरेटर घुरघुरतात. ट्रॅकची हौस घराच्या गॅरेजात!

धडा ३. अगदीच राहवेना, तर इंजिन दुसऱ्यांना द्या. १९८९ ते १९९३ लॅम्बोर्गिनीची इंजिनं फॉर्म्युला वनमध्ये धावली. सर्वांत मोठं यश : १९९० मध्ये सुझुकाच्या शर्यतीत ड्रायव्हर आगुरी सुझुकी तिसरा. १९९१ मध्ये चासीही स्वतः बनवली, पण संघाचं नाव ठेवलं 'मोदेना'. वर्षभरात गुण शून्य. नाव दुसरं का ठेवावं, ते तेव्हा कळलं.

धडा ४. गिऱ्हाईक ओळखा. २०२१ मध्ये फॉर्म्युला वनच्या एका संघाची खर्चमर्यादा साडेचौदा कोटी डॉलर होती, ड्रायव्हरचा पगार वेगळा. तुमच्या गिऱ्हाइकाला हवंय काय? गतिरोधक आला की गाडीचं नाक उचलणारं बटण. तेवढं द्या.

धडा ५. शर्यत लावायचीच, तर घरची लावा. लॅम्बोर्गिनीच्या 'सुपर त्रोफेओ'त २००९ पासून फक्त लॅम्बोर्गिनीच धावतात. पहिला कुणीही येवो, फोटोत गाडी आपलीच!

इशारा : मोह आवरा. २०२४ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत लॅम्बोर्गिनीने थेट वरच्या वर्गात उडी घेतली. दोन गाड्यांपैकी पुढची दहावी आली. मूठ उघडली की अशी मोजली जाते.

त्याच वर्षी विकलेल्या गाड्या : १०,६८७. फॉर्म्युला वनमधले आजवरचे विजय : शून्य.