तीन रेघा, आणि चौथी

पाच दिवसांपूर्वी रात्री नऊला पद्मारावनगरातल्या आमच्या शेजारच्या काकू दार ठोठावून आत आल्या. हातात ड्राय सिरपची बाटली. धाकट्या नातवाला ताप, पोर कान धरून रडतंय. "जरा बघ ना, पावडर विरघळतच नाही." बाटली दिव्यापुढे धरली. तळाशी भुकटीचा गोळा तसाच, आणि पाणी पार गळ्यापर्यंत.

"डॉक्टरांनी लिहून दिलंय?"

"थोरल्याला मागे हेच दिलं होतं. नाव लक्षात होतं, दुकानदारानं काढून दिलं."

काकूंवर मी रागावलो नाही. राग आला तो या सवयीचा. अँटिबायोटिक म्हणजे खडीसाखर नव्हे, मागितली की पुडी बांधून द्यायला. या औषधासोबत तीन रेघा घरी येतात. आपण तिन्ही ओलांडतो.

पहिली लाल. लेबलच्या कडेची उभी रेघ. चिठ्ठीशिवाय हे विकायचं नाही, घ्यायचंही नाही, एवढाच तिचा अर्थ. सेफिक्झिमसारख्या औषधांसाठी तर 1 मार्च 2014 पासून एच-1 ही वेगळी अनुसूची लागू आहे. पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव दुकानदारानं वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. लाल रेघ ओळखा, अशी मोहीम केंद्र सरकारनं 2016 मध्ये काढली. तरी नाव सांगितलं की बाटली मिळते. सर्दी-पडसं विषाणूंचं असतं आणि हे औषध मारतं फक्त जिवाणूंना. पोराचं पडसं जातं आपल्या गतीनं, पोटातले चांगले जिवाणू मात्र फुकट मरतात.

दुसरी रेघ पाण्याची. बाटलीवर किंवा लेबलवर बाणाची खूण असते. आधी बाटलीला टिचकी मारून भुकटी सुटी करायची. मग उकळून गार केलेलं पाणी निम्मं घालून जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मग खुणेपर्यंत भरायचं. खोक्यात पाण्याची कुपी दिली असेल तर तीच वापरायची. 30 मिलीच्या बाटलीत पाणी 40 मिलीपर्यंत गेलं, तर 5 मिलीच्या मापात औषध उरतं पावणेचार मिलीचं. रोग अर्धवट मार खातो आणि शहाणा होतो.

तिसरी रेघ मापाची. घरातला चमचा हे माप नव्हे, कारण एका घरातले दोन चमचे सारखे नसतात. झाकणाच्या कपावरच्या रेघेला डोळा लावा. तान्ह्यांसाठी बिनसुईची सिरिंज सगळ्यांत बरी. मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते. डोस ठरतो वजनावर, आणि तो डॉक्टरच ठरवतात. दर वेळी बाटली हलवायची, नाहीतर पहिले दिवस पाणी आणि शेवटी गाळ. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही. अंगावर पित्त उठलं तर औषध थांबवून डॉक्टरांना विचारायचं. चेहरा सुजला, धाप लागली तर थेट दवाखाना गाठायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नातवाचा कान तपासला. जिवाणूंचाच संसर्ग होता. चिठ्ठीवर औषधही तेच आलं, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट. पण काकूंच्या हातातली बाटली थोरल्याच्या जोराची, 5 मिलीत 457 मिलिग्रॅमची; धाकट्यासाठी लिहिली 228.5 ची. नाव बरोबर, खोकं जवळपास सारखं, आणि जोर दुप्पट. ओळखीच्या नावानं औषध आणलं की हे असं होतं.

हे मी सिकंदराबादेत बसून लिहितोय, म्हणून जास्त लागतं. तासाभरावर पाटणचेरू. जगाची औषधं बनवणारे कारखाने तिथे आहेत. 2007 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी तिथल्या सांडपाणी केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडणारं पाणी तपासलं. लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन निघालं. पेशंटच्या रक्तातही एवढं नसतं. एकीकडे नाल्यात जिवाणूंची तालीम, दुसरीकडे घरात अर्धामुर्धा डोस. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी 2019 या एका वर्षात जगभरात 12.7 लाख माणसं नेली. पाटणचेरूचं पाणी काकूंच्या हातात नाही, ते सरकारनं आणि कारखान्यांनी आवरलंच पाहिजे. बाटली मात्र काकूंच्या हातात आहे.

म्हणून नव्या बाटलीसोबत काकूंच्या कालनिर्णयावर एक काम लावून दिलंय. पाणी घातलं त्या तारखेला गोल. मग डोस दिला की त्या दिवसाच्या चौकटीत एक रेघ, सकाळची एक, रात्रीची एक. ताप दुसऱ्या दिवशी उतरला तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत रेघा चालू. बाटली फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नाही. हे औषध कालवल्यावर सात दिवस टिकतं. दुसऱ्याची मुदत वेगळी असते, ती लेबलवर वाचायची. उरलेलं पुढच्या आजारासाठी ठेवायचं नाही आणि मोरीतही ओतायचं नाही. चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवी बांधून कचऱ्यात टाकायचं.

तीन रेघा छापून येतात. चौथी आपल्या हातानं ओढावी लागते. काकूंच्या भिंतीवर काल रात्री आठवी पडली.