पाळलेली आणि न पाळलेली

बुरशी वाढवण्यासाठी मी जेवढा पैसा ओतला, त्याच्या दुप्पट बुरशी हटवण्यासाठी ओतला. आणि दोन्ही कामं एकाच खोलीत, एकाच पावसाळ्यात केली. हिशेब बायकोकडे आहे. ती तो मागितल्याशिवायही वाचून दाखवते.

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि ठाण्याच्या आमच्या जुन्या इमारतीतली उत्तरेकडची खोली रिकामी झाली. निवृत्त माणसाच्या हाती रिकामी खोली लागू देऊ नये. मला धिंगरी अळिंबी सुचली. कृती सोपी वाटत होती: गव्हाचं काड रात्रभर भिजवायचं, ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, निथळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत थर देत स्पॉन पेरायचं. दोन-तीन आठवडे अंधारात पिशव्या पांढऱ्याफेक झाल्या की प्लॅस्टिक फाडायचं आणि खोलीतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राखायची. तापमान २० ते ३० अंश चालतं. म्हणजे जुलैतल्या ठाण्यात हवामान फुकट. तरीही मी ह्युमिडिफायर विकत घेतला, कारण उद्योग म्हटला की भांडवल हवं.

वाफ बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. एक्झॉस्ट फॅनच्या भोकात जुना टॉवेल कोंबला. सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा, फरशीवर पाणी शिंपडायचं आणि आर्द्रतामापकाकडे कौतुकाने बघायचं, असा दिनक्रम बसला.

२८ अंशांची हवा ८५ टक्के ओली असेल तर तिचा दवबिंदू साधारण २५ अंश येतो. बाहेरून पावसाचा मारा खाणारी भिंत त्याच्या खाली उतरली, की खोलीतली वाफ पाणी होऊन तिच्यावर बसते. हे आज मला तोंडपाठ आहे. तेव्हा भिंतीवरून ओघळ उतरताना पाहून मी बायकोला सांगितलं, "बघ, हवामान जमलं."

पहिलं पीक भिंतीनेच दिलं. इमारत १९९० च्या दशकातली, आणि दर दोन-तीन गणपतींना एक हात या हिशेबाने आतल्या गिलाव्यावर डिस्टेंपरचे थर चढलेले. डिस्टेंपरमधलं बाइंडर, त्यावर बसलेली धूळ आणि माझं पाणी, एवढ्यावर बुरशीचं उत्तम चालतं. आधी काळे ठिपके, मग हिरवट पट्टे, कोपऱ्यात चक्क गुलाबी छटा. पिशव्या अजून पांढऱ्यावरच अडल्या होत्या.

मी ब्लीचने भिंत पुसली. डाग दिसेनासे झाले, मी हात झटकले. गिलावा सच्छिद्र असतो. तंतू आत राहिले आणि ब्लीचमधलं पाणी त्यांना वर पाजलं गेलं. आठवड्याभरात सगळी मंडळी परत. मग दुकानदाराने सुचवलेला महागडा बुरशीरोधक रंग आणला. डब्यावर लिहिलं होतं, भिंत पूर्ण कोरडी करून, खरवडून लावा. ती ओळ मी वाचली. पण भिंत कोरडी करायची तर फवारा थांबवावा लागला असता, आणि पिशव्यांचं काय? रंगाला फोड आले. एक फोड मी बोटाने दाबला, तर आतून पाण्याची पिचकारी चष्म्यावर.

इथे शहाणा माणूस पिशव्या उचलून गॅलरीत ठेवतो. मी पीव्हीसी पॅनेल बसवली.

पॅनेलचं मला आजही कौतुक आहे. गुळगुळीत, पांढरी, एका फडक्यात स्वच्छ. खोली दंतवैद्याच्या दवाखान्यासारखी दिसू लागली. मात्र पॅनेलखाली लाकडी पट्ट्या, त्यामुळे भिंत आणि पॅनेल यांच्यात बोटभर पोकळी. सांध्यांतून वाफ आत जात होती, थंड भिंतीला टेकत होती, आणि आता तिला वाऱ्याचा स्पर्शही नव्हता. बुरशीसाठी मी खोलीच्या आत एक स्वतंत्र खोली बांधून दिली होती, तीही सुताराला रोजचे पैसे मोजून. दिसत काही नव्हतं, फक्त वास येत होता. बायको म्हणाली, "अहो, काहीतरी कुजलंय." मी म्हणालो, "काडाचा असतो."

काडही मागे नव्हतंच. काही पिशव्यांत हिरवीगार ट्रायकोडर्मा पसरली. हीच बुरशी शेतकरी मुळांच्या रक्षणासाठी पैसे मोजून पाकिटातून आणतात. मला फुकट मिळाली, पण अळिंबीच्या पिशवीत ती सगळं काड बळकावते. ज्या पिशव्या वाचल्या, त्यांना लांबलचक मानेची आणि टाचणीएवढ्या डोक्याची अळिंबी आली. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचला की ती अशीच वाढते.

एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. "भाऊजी, आमच्या बेडरूमच्या छताला ओल आलीय. वर तुमचं बाथरूमही नाही." मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, बाहेरच्या भिंतीला तडा असणार. सोसायटीचा खजिनदार मीच. सभेत मीच ठराव मांडला, मीच अनुमोदन मिळवलं, आणि झुला बांधून बाहेरच्या भिंतीची तपासणी सुरू झाली. झुल्यावरचा माणूस दिवसभर भिंत ठोकत होता. माझ्या खिडकीपाशी आल्यावर त्याने काचेतून आत पाहिलं आणि खाली ओरडला, "पाणी बाहेरून नाय, आतूनच येतंय! हितं पिशव्या टांगल्यात!"

त्या संध्याकाळी मी फरशीवर पाणी शिंपडणं बंद केलं.

भिंतीचा प्रश्न शेवटी सावंतवाडीकडच्या एका म्हाताऱ्या पेंटरने सोडवला. पॅनेल उघडल्यावर मागचं दृश्य पाहून तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग तोंडाला रुमाल बांधून सगळा रंग थेट सिमेंटच्या गिलाव्यापर्यंत खरवडला, पंखा लावून भिंत सुकवली आणि चुन्याची कळी पिंपात फोडली. पिंप रटरटायला लागलं. मी उत्साहाने म्हणालो, "यात मोरचूद घालू या का?" सुपारीच्या कोळेरोगावर कोकणात मोरचूद आणि चुन्याचंच बोर्डो मिश्रण मारतात, फ्रान्सच्या बोर्दोमध्ये द्राक्षांसाठी १८८५ मध्ये ते पुढे आलं, इथपर्यंत मी वाचलं होतं. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, तुमची ती पिशवीतली पण बुरशीच ना?"

मोरचूद राहिलं. नुसत्या चुन्याचे तीन पातळ हात बसले. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला तिथे थारा मिळत नाही, आणि भिंतीला श्वासही घेता येतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून दगडासारखा घट्ट होतो. त्या वायूची माझ्या खोलीत टंचाई नव्हती. मात्र घट्ट होता होता त्याची धार जाते, म्हणून वर्षाकाठी नवा हात द्यावा लागतो. एक्झॉस्टमधला टॉवेल काढला, पिशव्या भिंतीपासून हातभर लांब टांगल्या, फवारा भिंतीऐवजी फक्त पिशव्यांवर. हवा खेळू लागताच भिंत सुकली आणि अळिंबीची मानही आखूड झाली. ह्युमिडिफायर माळ्यावर गेला.

पहिल्या खऱ्या तोडणीची मोठी पुडी मी खालच्या वहिनींना नेऊन दिली. त्यांनी ती घेतली, छताकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "भाऊजी, झुल्याचं बिल कोण भरणार?" मी म्हणालो, बघू या. ते सध्या सोसायटीच्या वहीत 'पावसाळापूर्व देखभाल' या सदरात आहे. ऑडिटरने तारखेवर बोट ठेवलंय, कारण ती ऑगस्टमधली आहे.