माननीय स्पीडगन, मु. पो. झाडामागे

प्रति,
माननीय स्पीडगन,
इंटरसेप्टर गाडीची डावी खिडकी,
मु. पो. चिंचेच्या झाडामागे, राज्य महामार्ग.

विषय : आपण न दिसल्याबद्दल आभार मानणेबाबत.
संदर्भ : आपला ऐन जेवणाच्या वेळी आलेला एसएमएस.

महोदय,
सा. न. वि. वि.

एसएमएस मिळाला. लिंक उघडून आमच्या गाडीचा फोटोही पाहिला. फारच छान आलाय. नंबरप्लेट ठसठशीत, बंपरवरचा ओरखडासुद्धा स्पष्ट. आमच्या लग्नातल्या फोटोग्राफरला इतका नैसर्गिक फोटो एकही जमला नव्हता. पण तो बिचारा आधी 'इकडे बघा' म्हणायचा.

वेग ६३, मर्यादा ४०, दंड रुपये दोन हजार. आकड्यांबद्दल तक्रार नाही. फक्त ८०च्या रस्त्यावर हे ४० नेमकं कुठून सुरू होतं, याची उत्सुकता होती, म्हणून पुढच्या खेपेला मुद्दाम थांबून पाहिलं. पाटी आहे, साहेब. नाही असं कोण म्हणेल? फक्त तिच्यापुढे एका युवा नेतृत्वाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. नेतृत्व हात जोडून उभं आहे, त्याच्या खांद्यामागे चाराचा आकडा गेला आहे आणि कोपराजवळून शून्य तेवढं डोकावतं. म्हणजे कायद्याने वागायचं तर या टापूत ताशी शून्य किलोमीटर वेगाने जायला हवं. पुण्यामुंबईच्या माणसाला त्याचाही सराव आहे, पण तो सकाळी नऊच्या सुमारास. भर दुपारी मोकळ्या रस्त्यावर ते साधायचं कसं?

फ्लेक्स संपला की वळण, वळणानंतर चिंच, आणि चिंचेमागे आपण. जागेची निवड करणाऱ्या अधिकाऱ्याला स्थापत्यशास्त्राची उत्तम जाण असली पाहिजे. तिथे शाळा नाही, फाटा नाही, वस्ती नाही. शाळा आहे दोन किलोमीटर पुढे. तिथे पोरं हातात हात घालून, दोन्हीकडे बघत, जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात. तिथे मात्र आपण नसता. सावली नाही ना तिथे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-अ हा नियम आला, हे आपल्या कानावर आलं असेलच. ज्या टापूवर कॅमेऱ्याची किंवा स्पीडगनची नजर आहे, त्याच्या आधी ठळक पाटी लावून लोकांना तसं कळवावं, उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र असावं आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण व्हावं, गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस जावी, असं त्यात लिहिलं आहे. ठळक पाटी! नियम करणारे दिल्लीत बसतात, त्यांना चिंचेच्या झाडाचं महत्त्व काय कळणार? माणसाला आधी सांगितलं तर तो वेग कमी करील, आणि सगळ्यांनीच वेग कमी केला तर आपण दिवसभर त्या खिडकीत बसून करायचं काय?

आमच्यातल्या काहींनी आपल्यावर शंका घेतल्या आहेत. त्या मी इथेच खोडून काढतो. आपण लेझरचे ठोके सोडता, ते गाडीवर आपटून परत येतात आणि अंतर किती झपाट्याने घटतंय यावरून वेग निघतो. हे मोजमाप रस्त्याच्या कडेला तिरकं बसून केलं तर वेग खऱ्यापेक्षा किंचित कमीच भरतो, जास्त नाही. शिवाय बहुतेक गाड्यांचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा पुढेच पळतो. म्हणजे आपण दोन्हीकडून आमच्यावर मेहेरबान आहात. झाडामागे जितके तिरके बसाल, तितके आमच्याच पथ्यावर पडाल. हे आमच्या लोकांना समजावून सांगतो, पण ऐकतो कोण?

उलट आपल्यामुळे महाराष्ट्रात जो बंधुभाव वाढला, त्याची नोंद कुठल्याच अहवालात नाही. समोरून येणारा अनोळखी माणूस भर उन्हात दोनदा डिपर मारतो. त्याचं नाव, गाव, जात, पक्ष आपल्याला ठाऊक नसतं. तरी लगेच पाय ब्रेकवर जातो आणि मनातून आशीर्वाद निघतो. ट्रकवाला खिडकीतून हात बाहेर काढून पंजा खालीवर हलवतो, 'दमानं, दमानं'. एरवी हाच गृहस्थ साइड देत नाही. ढाब्यावर चहाच्या आधी विचारपूस होते ती 'पुढं बसलेत का?' अशी, आणि उत्तर देणाऱ्याला कोण बसलेत हे सांगावं लागत नाही. फोनमधली बाई तर पुढे कॅमेरा आहे असं अगदी प्रेमाने सांगते. मग सगळे चाळीसवर येतात, एकामागोमाग एक, वारीतल्यासारखे शिस्तीत. चिंच मागे पडली की पुन्हा ज्याचा त्याचा विठोबा.

हीच अडचण आहे, साहेब. द्रुतगती मार्गावर कमानीवर कॅमेरे टांगले, दिसतील असे. कमानीखाली जो तो शंभरच्या आत असतो आणि कमान ओलांडली की इंजिनाचा आवाज बदलतो. समृद्धीवर मर्यादाच १२०ची. तिथे २०२३मध्ये आरटीओने महामार्गावर चढल्या-उतरल्याच्या वेळांवरून सरासरी वेग काढायला सुरुवात केली आणि फार लवकर पोचलेल्यांना समुपदेशनाला बसवलं. मला विचाराल तर यातली अक्कल झाडामागे बसण्यापेक्षा वरची आहे. तिथे एका वळणापुरतं साधू होऊन भागत नाही, सगळा रस्ताच शहाण्यासारखा जावा लागतो. पण त्यात अचानक उडी मारण्याची मजा नाही, आणि दिवसाअखेरीस किती पावत्या झाल्या हे विचारणाऱ्या वरिष्ठाला सांगण्याजोगंही फार काही उरत नाही.

वेगाने माणसं मरतात, हे काही थट्टेवारी नेण्यासारखं नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि केंद्राच्या अहवालात त्यातल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंपुढे कारण म्हणून अतिवेगच लिहिला आहे. पंचनाम्यात अतिवेग लिहिणं सोयीचंही असतं, ही गोष्ट वेगळी. खड्ड्याला नंबरप्लेट नसते. अंधारात दिवे न लावता उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून कुणी धडकलं, तरी वेग धडकणाऱ्याचाच निघतो. आपण कधी त्या ट्रॉलीकडे रोखून बघा. ती हलत नाही, त्यामुळे आकडा शून्य येईल. पण फोटो काढून ठेवण्यासारखा असेल.

आता दंडाचं. पूर्वी मामा शिट्टी फुंकायचे, गाडी बाजूला घ्या म्हणायचे, लायसन्स बघता बघता गाव विचारायचे. त्यात काय काय चालायचं ते मी आपल्यासारख्या यंत्राला सांगणार नाही, बिघडाल. आता सगळं पारदर्शक आहे. म्हणजे आम्ही आपल्याला आरपार दिसतो. राज्यात हजारो कोटींची ई-चलानं थकली आहेत म्हणतात. कशी भरणार? तेलंगणाने मार्च २०२२मध्ये दुचाकीवाल्यांना ७५ टक्के सूट दिली, शेजारच्या कर्नाटकने फेब्रुवारी २०२३मध्ये निम्म्यावर आणलं. ज्याने वेळेवर भरलं तो मूर्ख ठरला. आमच्या सोसायटीत दंड आला की पहिला सल्ला मिळतो तो 'थांब, लोक अदालत लागू दे'. सेल लागणार हे माहीत असताना एमआरपी कोण देतो?

तेव्हा विनंती एवढीच, की चिंचेची सावली सोडवत नसेल तर सोडू नका. पण तो फ्लेक्स काढायला कुणाला तरी सांगा. वाढदिवस होऊन तीन महिने झाले.

आपला नम्र,
एक चारचाकीधारक

ता. क. दंड भरण्याबद्दल आपल्या नावाने काल व्हॉट्सअॅपवर दुसरा एक निरोप आला. सोबत डाउनलोड करायला एपीके फाइल होती. उघडली नाही. निरोपाच्या सुरुवातीला 'कृपया' लिहिलं होतं, तिथेच संशय आला.