ओला दर, सुका दर

माझा भाचा टेक्सासमध्ये विमान चालवायला शिकवतो. एका इंजिनाचं. आता त्याला दोन इंजिनांचं शिकवायचं आहे. त्यासाठी 'एमईआय' नावाचं आणखी एक बिरुद लागतं आणि ते देणारी शाळा निवडायची आहे. आमच्या घराण्यात काहीही ठरवायचं असलं की फोन मला येतो, कारण मी आजवर चार मंगल कार्यालयं ठरवली आहेत आणि चारही वेळा जनरेटरचे पैसे आधी लिहून घेतले आहेत.

"मामा, दर ओला आहे," पहिलं कोटेशन वाचत भाचा म्हणाला.

मी म्हटलं, थांब. आमच्याकडे ओला दुष्काळ असतो आणि सुका दुष्काळ असतो, दोन्हींत बुडतो शेतकरीच. तुमच्याकडे काय? तर ओला म्हणजे इंधनासकट विमानाचं भाडं, आणि सुका म्हणजे इंधन तू भर. तळाशी बारीक अक्षरांत 'इंधन अधिभार' होताच, म्हणजे ओल्यावर पुन्हा पाणी. शिक्षकाचे तास वेगळे, परीक्षकाची फी वेगळी, परीक्षेच्या दिवशीचं विमान वेगळं. लग्नात खुर्च्या भाड्यात आणि खुर्च्यांची कव्हरं जादा लावणारा आमचा हॉलवाला इतक्या दूर शाखा काढील असं वाटलं नव्हतं.

दुसरी शाळा म्हणाली, तीन दिवसांत शिक्षक करतो. मला वाटलं फसवणूक. पण नियम बघितले तर बिचारे खोटं बोलत नाहीत. एका इंजिनाचा शिक्षक आधीच असाल तर या जादा बिरुदासाठी लेखी परीक्षा नाही, प्रशिक्षणाचे किमान तास ठरलेले नाहीत. तसल्या विमानाचा वैमानिक म्हणून 15 तास गाठीशी हवेत, एवढंच. बाकी शाळेची मर्जी आणि परीक्षकाची नजर. आपल्या दहावीच्या क्लासवाल्यांनी कृपया हा परिच्छेद वाचू नये.

तीन दिवसांत शिकायचं काय, तेही ऐका. दोनातलं एक इंजिन बंद पडलं की ताकद निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता साधारण चार पंचमांश जाते. उरलेलं इंजिन विमानाला एका बाजूला ओढतं आणि ते पायाने सरळ धरावं लागतं. वेग ठरावीक लाल रेघेखाली गेला की पायही पुरत नाही आणि विमान उलटं होऊ लागतं. हे सगळं शिक्षकाने मुद्दाम घडवून आणायचं असतं, शेजारचा विद्यार्थी घाबरून भलताच पाय दाबत असताना. शिवाय दोन इंजिनांचं जे विमान आजवर डावीकडे बसून उडवलं, ते आता उजवीकडून सांभाळायचं. माझ्या मुलीला स्कूटर शिकवताना मी मागच्या सीटवरून ब्रेक शोधत होतो, त्याची मला इथे फार आठवण झाली.

भाचा म्हणाला, शाळा दोन प्रकारच्या असतात, 61 आणि 141. मी गट नंबर समजलो. ते नियमांचे भाग निघाले: 141 मध्ये सरकारने मंजूर केलेला अभ्यासक्रम, 61 मध्ये थोडी मोकळीक. यात अक्काने मध्येच तोंड घातलं, "गोंदियाला, धुळ्याला शाळा आहेत की, इकडेच ये!" पण आपल्याकडे विमानांचा कारभार बघणाऱ्या डीजीसीएने 2025 मध्ये पहिल्यांदाच देशातल्या वैमानिक शाळांना श्रेणी लावल्या, तेव्हा वरच्या दोन रकान्यांत एकही शाळा बसली नाही. पहिला-दुसरा नंबरच न काढणारा मास्तर मी प्रथमच पाहिला. अक्काला ते सांगितलं. ती चहा ठेवायला गेली.

माहितीपत्रकावर पिकल्या केसांचा एक रुबाबदार गुरू होता. "हा शिकवणार?" तर तो कधीच एअरलाइनला गेला. शिकवणार तो मुलगा, ज्याला हे बिरुद गेल्या महिन्यात मिळालं. त्याचं कारण साधं आहे. तिकडे एअरलाइनच्या परवान्याला सर्वसाधारणपणे 1,500 तास लागतात, त्यांतले 50 अनेक इंजिनांच्या विमानाचे. ते विमान स्वतः भाड्याने घ्यायचं तर घर विकावं लागेल. म्हणून शिकवायचं. शिष्य पैसे भरतो आणि तास गुरूच्याही वहीत चढतात. गुरुदक्षिणेची इतकी सुटसुटीत सोय द्रोणाचार्यांनाही जमली नव्हती. आणि हे 1,500 सहवैमानिकालाही लागू झाले कुठून? 2009 मध्ये बफेलोजवळ विमान पडून 50 माणसं गेली, त्यानंतरच्या कायद्यातून. त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांकडे 1,500 पेक्षा जास्त तास होते. सरकारं तिकडचीही सरकारंच.

शेवटी मी माझं ठेवणीतलं शस्त्र काढलं. हॉल ठरवताना मॅनेजरला काही विचारायचं नसतं. वॉचमनला विचारायचं, पाण्याचा टँकर किती वाजता येतो? तसा तू मेकॅनिकला गाठ. त्याने गाठला. तीन दिवसवाल्या शाळेत दोन इंजिनांचं विमान एकच होतं आणि ते शंभर तासांच्या तपासणीला उघडून ठेवलेलं होतं. "कधी जुळणार?" "पार्ट आला की." हे उत्तर मी स्वारगेटच्या गॅरेजात मराठीत ऐकलेलं आहे.

दुसरा प्रश्न, नोकरीच्या शाळेत विमान कोणतं, हा भाच्याला स्वतःला सुचला, हे कबूल करतो. ज्याला दोन इंजिनांच्या परवान्यासाठी शिकवायचं आहे, त्याच्या शिक्षकाकडे नेमक्या त्याच मॉडेलवरचे किमान 5 तास असावे लागतात आणि विमा कंपन्या बहुधा त्याहून जास्त मागतात. म्हणजे स्वस्तातल्या जुन्या अपाची विमानावर शिकून आलात आणि नोकरीच्या शाळेत डायमंड कंपनीचं विमान उभं असेल, तर बिरुद भिंतीला आणि तुम्ही बाकावर.

त्याने निवडलेल्या शाळेचा रंग उडाला आहे, पण दोन इंजिनांची दोन सेमिनोल विमानं आहेत, दोन्ही उडतात आणि त्याला नोकरी देऊ पाहणाऱ्या शाळेतही सेमिनोलच आहे. नऊशे डॉलर जास्त पडले. सोमवारी तो तिथे पोचला. तेव्हापासून आभाळ खाली आलेलं आहे, उड्डाण नाही, आणि ढग असताना हॉटेलचं भाडं कुणी द्यायचं हे कोटेशनमध्ये लिहून घ्यायला मी विसरलो.